तहाची घडी

आर. के. पुरम, नवी दिल्ली
रविवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप विश्वासदादा आणि सौ. वहिनी यांना धाकट्या हेमलताचा दिल्लीहून वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. सामान बांधून बांधून कमरेचं जे झालंय ते पाहता मी एकदा वाकले तर तुम्हा दोघांना साताऱ्याहून येऊन मला सरळ करावं लागेल.) वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? आणि फौजेतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सकाळी फाटकापाशी उभा राहून तू अजून दूधवाल्याचा सॅल्यूट घेतोस का? घेत असलास तर प्रकृती उत्तम आहे असं मी समजते.

पाकीट बघून दचकू नका. घरातली सगळी माणसं धडधाकट आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. मग फोन का नाही केला, असं वहिनी विचारतील. वहिनी, या घरातून फोन करणं आता शक्य राहिलेलं नाही. बाहेरच्या खोलीतून केला तर हे ऐकतात, आतल्या खोलीतून केला तर मयुरा ऐकते, आणि गच्चीवर जाऊन केला तर वरच्या मजल्यावरच्या तमिळ बाई ऐकतात. त्यांना मराठी येत नाही म्हणा, पण कुणाला मराठी येतं आणि कुणाला येत नाही हा विषय सध्या या घरात काढायचा नाही असं मी ठरवलेलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर माझं व्हॉट्सअ‍ॅप मयुरानेच तिच्या लॅपटॉपला जोडून दिलंय, त्यामुळे मी काय लिहिते ते माझ्याआधी तिला कळतं. उरलं पत्र. तुझे मेहुणे ते स्वतःच्या हाताने पोस्टात टाकतील, आणि इतक्या वर्षांत त्यांनी माझं एकही पत्र उघडून वाचलेलं नाही. (मी लिहिलेलं काही वाचावं असं त्यांना कधी वाटलेलंच नाही. आज प्रथमच त्याचा उपयोग होतोय.)

तर परिस्थिती अशी. महिनाअखेरीला हे रिटायर होतायत. क्वार्टर सोडायचं, ट्रक बोलवायचा आणि पुण्याला सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये जाऊन पडायचं, असं ठरलंय. मयुरा इथेच राहणार, गुरुग्रामला, ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर. जन्मल्यापासून आमच्याबरोबर या क्वार्टरमधून त्या क्वार्टरमध्ये फिरलेली मुलगी पहिल्यांदाच वेगळी राहणार, आणि बाप-लेकीत शब्द नाही. ट्रक येण्याआधी हे मिटलं नाही तर ती तिकडे, हे इकडे, आणि दोघंही असे हट्टी की पुढची दहा वर्षं दिवाळीला मलाच दोन्हीकडे फराळ पोचवत फिरावं लागेल. मला त्याची भीती वाटते, दादा. बाकी पत्रात मी हसवाहसवी करीन, पण हे खरं आहे.

भांडणाचं मूळ म्हणजे यांची ती कादंबरी, «मंजूर पूल». तुला प्रत पाठवलीच होती. वहिनींनी बहुतेक वाचली नसेल म्हणून थोडक्यात सांगते. युद्धावरची कादंबरी, आणि विनोदी. (यांनी युद्ध पाहिलंय ते सव्वीस जानेवारीला, तेही टीव्हीवर, शाल पांघरून. परेडचे पास दरवर्षी येतात आणि हे दरवर्षी ते तमिळ बाईंना देतात.) दोन देश आहेत, अलीकडचा आणि पलीकडचा. मध्ये नदी. नदीवर एक पूल आहे असं दोन्ही देशांच्या नकाशांत दाखवलंय, पण तो फक्त मंजूर झालेला आहे, बांधायचा राहून गेलाय. अलीकडच्या फौजेला हुकूम येतो की पूल काबीज करा, पलीकडच्या फौजेला येतो की पुलाचं रक्षण करा. पूलच नाही असं वर कळवायची सोय नाही, कारण वरच्यांनी त्याचं उद्घाटन केलेलं आहे. मग काय करतात बिचारे, दोन्हीकडचे इंजिनियर एकत्र येऊन आधी पूल बांधायला घेतात. काळोखात एकमेकांकडून सिमेंट उसनं आणायचं आणि उजाडलं की त्याच पुलावर एकमेकांना गोळ्या घालायच्या. त्यात कर्नल दणके नावाचा एक माणूस तोफा चालू असताना दाढी करत बसतो आणि साबण संपला म्हणून हल्ला पुढे ढकलतो. तुला तो फार आवडला होता. आपल्या युनिटमध्ये अगदी असाच एक जण होता, असं तू कळवलं होतंस. (वहिनींनी तेव्हा मला फक्त एक हसणारा चेहरा पाठवला.) शेवटी दोन्ही सेनापती पुलाच्या मधोमध भेटतात, तह करतात आणि आपापल्या घरी जातात. हा शेवटचा तह नीट लक्षात ठेव, कारण आमचं सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

मराठीत कादंबरीचं फारसं काही झालं नाही. एका मासिकाने दोन ओळी छापल्या, त्यात ‘विनोदाचा स्तुत्य प्रयत्न’ असं म्हटलेलं होतं, आणि हे महिनाभर ‘प्रयत्न’ या शब्दावर विचार करत बसले होते. ते मयुराने पाहिलं. बाबांच्या रिटायरमेंटला सरप्राइज म्हणून कादंबरीचं हिंदी करायचं असं तिने मनाशी ठरवलं. रोज मेट्रोत उभ्या उभ्या, एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने फोनवर टाइप करत वर्षभर तिने ते काम केलं. सरप्राइज असल्यामुळे बापाला काही विचारता येईना. मला विचारलं असतं, पण मी विचारण्यासारखी बाई आहे असं या घरात कुणालाच वाटत नाही. डिक्शनरी घे म्हटलं असतं तर म्हणाली असती, आपल्याच भाषेला डिक्शनरी कशाला, यार. दर्यागंजचा एक प्रकाशकही तिनेच गाठला. छापलेल्या प्रती घरी आल्या त्या दिवशी हे इतके हरखले की ते पार्सल मांडीवर घेऊन बसून राहिले. कव्हर पाहिलं, स्वतःचा फोटो पाहिला, ‘अनुवाद : मयुरा’ या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. आतलं मात्र एक पान वाचलं नाही. ऑफिसात दिवसभर हिंदी फाइली वाचून येतो, घरी पुन्हा हिंदी कशाला, आणि गोष्ट तर आपल्याला माहीतच आहे, असं म्हणाले.

आता पुढचं सांगण्याआधी तुला थोडी भाषा शिकवते. तू फौजेत हिंदी बोललास, पण ते फौजेचं हिंदी, त्यात शिव्या आणि भाज्या सोडून काही नसतं. आपल्याकडे संधी म्हणजे मौका. हिंदीत संधि म्हणजे तह. आपल्याकडे तह म्हणजे हिंदीतली संधि. आणि हिंदीत तह म्हणजे घडी, कपड्यांची असते ती. आलं ध्यानात? नसेल तर परत वाच, मलाही कागदावर मांडूनच कळलं. मयुराला का कळलं नाही म्हणशील, तर या घरात कपड्यांच्या घड्या कधी झाल्याच नाहीत. तीस वर्षं धोब्याशी आणि कामवालीशी बोलून बोलून मीसुद्धा ‘चादर तह करून ठेव’ असंच म्हणते. तह, सलोखा, वाटाघाटी हे शब्द तिने ऐकायचे कुठे? आमच्यात भांडणं झाली की ती आपोआप विझतात, तह कुणी करत नाही.

प्रकाशकाने मंडी हाउसजवळच्या एका लहानशा सभागृहात पुस्तकावर चर्चा ठेवली. यांनी सूट घातला. मयुरा माझी हिरवी नारायणपेठी नेसून पहिल्या रांगेत बसली. मुख्य वक्त्या होत्या देवयानी माथुर म्हणून हिंदीच्या प्राध्यापक. त्या बोलायला लागल्या आणि मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच पुस्तकाच्या कार्यक्रमाला आलोय. त्या म्हणाल्या की या कादंबरीत तह पहिल्याच प्रकरणात होतो आणि युद्ध त्यानंतर सुरू होतं, हीच लेखकाची प्रतिभा. (यांच्या सेनापतीने लिहिलं होतं, ‘ही संधी आहे, दवडू नका, हल्ला चढवा.’ हिंदीत तो ‘यह संधि है’ असं म्हणतो आणि हल्ला चढवतो.) आजच्या जगात संधि म्हणजेच आक्रमणाची पूर्वतयारी, हे इतक्या निर्दयपणे आजवर कुणी मांडलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. हे स्टेजवर बसून मान डोलावत होते. मग त्या शिक्षेवर आल्या. शत्रूच्या खेचराला गूळ घातला म्हणून एका शिपायाला कोर्टमार्शलमध्ये शिक्षा होते, आठवतंय? हिंदीत त्याला कोर्टमार्शलमध्ये शिक्षा मिळते, म्हणजे तो शिकून येतो. पुढे हुकूम मोडणारा प्रत्येक शिपाई शिकूनच परत येतो, आणि शेवटाकडे अशी वेळ येते की अलीकडच्या फौजेत अडाणी असे फक्त अधिकारीच उरतात. अवज्ञा हीच खरी शिक्षा, असं काहीतरी बाई म्हणाल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनीही वाजवल्या. आपल्या पुस्तकात एवढं आहे हे त्यांना त्या दिवशीच कळत होतं.

मग बाईंनी शेवटचं पान वाचून दाखवलं. यांनी एका ओळीत संपवलं होतं, ‘दोघांनी तह केला.’ मयुरा बिचारी त्या ओळीपाशी अडली असणार. तह केली ते ठीक, पण कशाची? लेखकाकडून राहून गेलं असेल असं समजून तिने तिथे एक कंबल घातलं. आणि नुसतं घालून थांबली नाही. एका सेनापतीने दोन कोपरे धरले, दुसऱ्याने दोन. मागे सरले, झटकलं, धूळ उडाली. मग दोघं एकेक पाऊल पुढे आले, कोपऱ्याला कोपरा लावला, एकाच्या हातातलं दुसऱ्याच्या हातात गेलं, परत खाली वाकून टोकं उचलली, परत पुढे आले. असं करत करत कंबल लहान झालं आणि माणसं जवळ आली. एवढंच. दादा, मला विनोद कळतो असं हे मानत नाहीत, पण त्या हॉलमध्ये पंखा ऐकू येत होता. माझ्या शेजारच्या सरदारजींनी चष्मा काढून पुसला. यांनी तर सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली, आणि मग माथुर बाईंकडे झुकून हळूच विचारलं, हे कंबल कोणतं?

तिथेही निभावलं असतं. पण आपली मराठी मुलं सगळीकडे असतात. गुणवंत म्हणून परभणीचा एक मुलगा, राजेंद्रनगरला राहून कलेक्टर व्हायची तयारी करतो, तो समोशांसाठी आलेला होता आणि दुर्दैवाने त्याने मूळ पुस्तक वाचलेलं होतं. (मराठीत ते ज्यांनी विकत घेतलं ते सगळे एका रिक्षात मावतील, त्यातला एक नेमका तिथे.) तो उभा राहिला आणि अगदी अदबीने म्हणाला, सर, मूल मराठी में तो कंबल है ही नहीं. यांनी हिंदी प्रत मागवली, चष्मा लावला आणि स्टेजवर बसून वाचू लागले. मागून पुढे, पुढून मागे. चेहरा लाल होत गेला. बाई काहीतरी सावरायला बोलत होत्या, तोवर यांनी माइक ओढला आणि म्हणाले, “अनुवादिका को मराठी नहीं आती.” बस. लोक हसले, वाईट नाही हसले, लेखकाचा विनोदच समजले. मयुरा उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे सुजलेले. घरी जाताना ती मेट्रोच्या लेडीज डब्यात चढली, हे शेजारच्या, आणि मी दोन डब्यांच्या मधल्या जोडावर उभी राहिले.

तेव्हापासून जे चाललंय ते यांच्या कादंबरीत शोभेल. पहिल्या दिवशी यांनी जाहीर केलं की या घरात यापुढे शुद्ध मराठीच बोललं जाईल. त्यावर मयुरा अशी शुद्ध हिंदी बोलू लागली की दूरदर्शनच्या बातम्या वाटाव्यात. माताजी, पिताजी से निवेदन है कि स्नानगृह रिक्त करें. हे आतून मला ओरडून सांगतात, तिला म्हणावं शीतकपाटावर पाण्याची बाटली आहे. शीतकपाट म्हणजे आपला फ्रिज हे मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर मी दोघांनाही सांगून टाकलं की मी निरोप्या नाही, माझं धोरण अलिप्ततेचं आहे. त्याचा परिणाम असा की आता शुद्ध मराठीही बंद आणि शुद्ध हिंदीही बंद. सामान बांधताना हे खोक्यांवर मराठीत लिहितात, ‘काच, जपून.’ ती त्याच्याखाली हिंदीत लिहिते, ‘काँच, सावधान.’ ट्रकवाला येऊन खोकी बघून गेला, त्याने मला बाजूला घेऊन विचारलं की दोन फॅमिली शिफ्ट होतायत का.

आणि गंमत बघ. डाळिंब सोलून हे अर्धी वाटी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात. तो कप्पा तिचा. ती वाटी रिकामी होते, धुऊन जागेवर येते, कुणी कुणाला काही विचारत नाही. यांचं मेट्रो कार्ड ती ऑफिसात बसून फोनवरून भरते. (यांना वाटतं कार्ड संपतच नाही. सरकारी सवय.) मी एकदा म्हटलं, अहो, हे तर तुमच्या पुस्तकातल्या सिमेंटसारखंच झालं. तर म्हणाले, कादंबरी आणि संसार यांत गल्लत करू नकोस. युद्ध किती मूर्खपणाचं असतं यावर दोनशे पानं लिहिणारा माणूस, दादा. परक्या सेनापतींचा वेडेपणा याला अचूक दिसतो.

आता शेवटचा घाव ऐक. दर्यागंजच्या प्रकाशकाचा फोन आला. पुस्तकावर हिंदीत खूप लिहून आलंय, दुसरी आवृत्ती काढायचीय, जशीच्या तशी छापू का? हे म्हणाले, मुळीच नाही. लगेच टेबलाशी बसून त्यांनी शुद्धिपत्राचा मसुदा केला. ऑफिसचीच भाषा, ‘पान अमुक, ओळ तमुक, संधि ऐवजी अवसर वाचावे.’ कंबल रद्द. आणि सगळ्यात खाली : ‘अनुवादिकेचे नाव मुखपृष्ठावरून वगळण्यात यावे.’ प्रकाशकाने फोनवर गयावया केली की साहेब, तह तर सगळ्याच पुस्तकांत होतो, कंबल फक्त तुमच्याकडे आहे. हे ऐकेनात. मसुदा प्रिंटरमधून निघाला तेव्हा मयुरा शेजारीच होती. तिने कागद उचलला, वाचला, यांच्या टेबलावर सरळ करून ठेवला आणि म्हणाली, ठीक है. ती भांडली असती तर मला काही वाटलं नसतं. ‘ठीक है’ म्हणून ती परत खोकी बांधायला गेली. तो कागद अजून टेबलावर पेपरवेटखाली आहे. ट्रक येण्याआधी तो रवाना करायचा असं यांनी ठरवलंय.

असो. तुम्ही काळजी करू नका. दिल्लीत थंडी ओसरलीय, मटार स्वस्त झालाय, यांच्या निरोप समारंभाला ऑफिसवाले बहुतेक घड्याळच देतील. वहिनींनी मागे पाठवलेली शेंगदाण्याची चटणी दोन्ही सैन्यांना आवडली. पुण्याला पोचल्यावर कळवीनच. लहानांना माझा लाड, मोठ्यांना नमस्कार, आणि दूधवाल्याला सॅल्यूट.

तुझी,
हेमलता

ता. क. – दादा, वरचं सगळं वहिनींना वाचून दाखव, हे मात्र एकट्याने वाच. एक काम कर. यांना फोन कर. पुस्तक, भाषा, मराठी या कशावर ते कुणाचं ऐकणार नाहीत, पण लढाईच्या बाबतीत तुझ्यापुढे त्यांची जीभ वळत नाही, कारण तू खरी पाहिलीस. त्यांना सांग की कंबलाचा शेवट बरोबर आहे, असंच होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. होत नसलं तरी सांग. फौजेत असताना किती बटाटे पोचले याविषयी तू वर काय काय कळवायचास ते तूच आम्हाला सांगितलंयस, तेव्हा एक खोटा अहवाल तुला जड नाही. आणि म्हणावं, पोरीचं नाव कव्हरवर राहू दे. मी सांगितलं असं अजिबात कळू देऊ नकोस. मी अलिप्त आहे.

ता. क. – आदरणीय दादा, सा. नमस्कार. हे अक्षर माझे, सुधन्वाचे. पाकिटावर पिनकोड चुकलेला होता, तो दुरुस्त करण्यासाठी पाकीट उघडणे भाग पडले. (पिनकोड बाहेर असतो याची मला कल्पना आहे.) सौ.च्या पत्रातील काही विधाने वस्तुस्थितीला धरून नाहीत. सूट नव्हता, बंद गळ्याचा कोट होता. मराठी आवृत्तीचे खरेदीदार एका रिक्षात मावणार नाहीत, किमान दोन लागतील. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या, त्या मी वर दुरुस्त केल्या आहेत. मी स्टेजवर तसे बोलायला नको होते. हे कुणाला सांगायचे ते मला कळत नव्हते, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. आता एक विचारतो. तुम्ही खोटे सांगू नका, सौ.ने सुचवले असले तरी. लढाई थांबल्याचे ठाण्यावर कळते तेव्हा माणसे पहिल्यांदा काय करतात? मी पुस्तकात तह लिहिला, कारण इतिहासाच्या पुस्तकात शेवटी तह असतो. पण तह तर इकडे दिल्लीत होतो, सह्या करून, फाइलवर. तिकडे पुलावर जी माणसे असतात ती काय करतात, हे मला दोनशे पाने लिहूनही सुचले नव्हते. मला वाटते, अंथरूण आवरत असावीत.

ता. क. – प्रिय मामा, नमस्ते. मी मयुरा. ही चिट्ठी डायनिंग टेबलवर उघडीच पडली होती, पेपरवेटखाली, तर मी पण वाचली. माझी एक आपत्ती आहे. मी त्या दिवशी रडले नव्हते, काजळ पसरलं होतं, बस. आणि दुसरी गोष्ट, कंबल मी मनाने नाही टाकला. मी छोटी होते तेव्हा थंडीत रोज सकाळी मोठी रजई बाबा आणि मी तह करायचो. आईला किचन असायचं. माझे हात पुरायचे नाहीत तर बाबा खाली बसून पुढे यायचे, आणि बोलायचे, कोपऱ्याला कोपरा लाव, घाई नको. मग शेवटी पूर्ण रजई माझ्या हातात द्यायचे, आणि मी त्याच्या मागे दिसायची पण नाही. पुस्तकात ‘दोघांनी तह केला’ वाचलं तर मला लगेच समजलं. मला वाटलं बाबांनी आपल्यावर लिहिलंय.

ता. क. – दादा, पाकीट पुन्हा माझ्या हातात आलंय, म्हणून घाईने लिहिते. फोन करू नकोस. यांनी दर्यागंजला स्वतः फोन लावला आणि हिंदीत सांगितलं, जैसा है वैसा छापिए, नाम के साथ. आता मराठीची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा (ती निघणार नाही हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे) शेवट हिंदीवरून दुरुस्त करून घेणार म्हणतात. मयुरा आतून ऐकत होती. बोलणं अजून सुरू झालेलं नाही, पण आज डाळिंबाची वाटी टेबलावर होती, मधोमध. पत्र पोस्टात टाकायच्या आधी हे पेन घेऊन परत बसले. माझ्या या वरच्या ओळींत एक वेलांटी बदलली. मग मयुराच्या ओळींवर आले. ‘माझी एक आपत्ती आहे’ असं तिने लिहिलंय, तिला हरकत म्हणायचं होतं, हिंदीत हरकतीला तेच म्हणतात. पेन त्या शब्दावर थांबलं. मी म्हटलं, चुकलंय ना ते? म्हणाले, नाही, बरोबर आहे, आणि टोपण लावलं.